मुलांना आधी पुस्तक द्यावं की आधी सिनेमा दाखवावा?

मे महिन्यात बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या बिल्डिंगमधली खालच्या घरची सून वर आली. तिची मुलगी सातवीत गेलेली. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी, रस्त्यावर गुजराती. म्हणाली, "काकू, हिला बाबासाहेबांबद्दल नीट काहीतरी कळायला हवं. सिनेमा दाखवू की पुस्तक देऊ? सुट्टीत दोन्ही व्हायचं नाही."

बरीच वर्षं मी घरी मुलांचा वाचनवर्ग घेते. हा प्रश्न दर सुट्टीत येतो, आणि प्रत्येक वेळी मी आधी विषय कोणता ते विचारते. काही गोष्टी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाहीत, आणि काही अशा असतात की आधी पाहिल्या तर पुढे नीट कळतच नाहीत.

बाबासाहेबांचं बडोदं ही दुसऱ्या प्रकारातली गोष्ट. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला शिकायला गेले आणि १९१७ मध्ये इथे नोकरीला आले. एवढ्या शिकलेल्या माणसाला या शहरात कुणी खोली देईना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. ती हकीगत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. मूळ इंग्रजीत आहे, मराठी अनुवाद मिळतो, आणि बडोद्याचा भाग जेमतेम काही पानांचा. वरच्या मजल्यावर ते एकटेच. शेजारच्या मोठ्या दालनात मोडक्या खुर्च्या, बाकं असलं अडगळीचं सामान. विजेचा दिवा नाही, रात्री उजेड कंदिलाचा. अकराव्या दिवशी, ते पारशी नाहीत हे कळल्यावर, काठ्या घेतलेले डझनभर लोक दारात उभे राहिले. दोन मित्रांनीही घरात घेतलं नाही, म्हणून मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी कमाटीबागेत बसून काढले.

एका वर्षी वर्गात मी आधी सिनेमा दाखवला आणि मग ही पानं वाचली. मुलं हलली, दोघीतिघी रडल्यासुद्धा. पण नंतर चित्रं काढायला सांगितली तर सगळ्यांच्या कागदावर तेच झाड, तोच कोट, त्याच नटाचा चेहरा. पुढच्या वर्षी क्रम उलटा केला. दिवे मंद करून ती पानं मोठ्यानं वाचली आणि कागद वाटले. एका मुलीनं माणूसच काढला नव्हता. पाय वर करून रचलेल्या खुर्च्या, भिंतीवर त्यांच्या लांब सावल्या, आणि कोपऱ्यात छोटा कंदील. तिनं विचारलं, "दुसऱ्याच नावानं कुणी हाक मारली की दर वेळी पोटात गोळा येत असेल ना त्यांच्या?" काठ्या कॅमेरा दाखवू शकतो. दहा दिवस खोट्या नावाला ओ देत राहण्याची ती धास्ती मुलीला शब्दांतून कळली, कारण रिकाम्या जागा तिला स्वतःच भराव्या लागल्या.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: अपमान, भीती, एखाद्या माणसाचं आत चाललेलं द्वंद्व समजून घ्यायचं असेल तर आधी पुस्तक. एकदा नटाचा चेहरा मनात बसला की तो निघत नाही. वाचून तयार झालेलं चित्र मात्र पुढे सिनेमा पाहिल्यावर सिनेमाशी भांडतं, आणि त्या भांडणातून मूल विचार करायला लागतं.

आता दुसरी बाजू. बडोद्याच्या उन्हात वाढलेल्या मुलानं "हिमवादळ" हा शब्द वाचला तर काय होतं? आमच्या वर्गातल्या एकानं अगदी मनापासून सांगितलं होतं, "फ्रीजरमधला बर्फ खरवडला की उडतो, तसं." ध्रुवप्रदेश, समुद्राचा तळ, खाण, दूरच्या देशातलं गाव असे विषय असतील तर बेधडक आधी पडदा. वीस मिनिटांचा माहितीपट पुरतो. लेखक ज्या गोष्टी रोजच्या म्हणून लिहायच्या विसरतो, त्या कॅमेऱ्यात आपोआप येतात: माणसं दारात चपला कुठे काढतात, चहा कशात पितात, आजीशी कोणत्या सुरात बोलतात. इराणमधल्या एका शाळकरी मुलाचा सिनेमा पाहून आमची मुलं आधी त्याच्या वहीबद्दल बोलत होती, मग त्याच्या आईबद्दल. ते परक्या देशातलं मूल आहे हे त्यांच्या बोलण्यात कुठेच नव्हतं.

इतिहासाच्या बाबतीत मात्र मी दोघांनाही जपून घेते. १७६१ च्या पानिपतावर मुलांशी बोलताना दिसतं की शत्रूचा तंबू कायम अंधारा आणि आपला दरबार कायम दिव्यांनी उजळलेला, हे त्यांनी पडद्यावरून उचललेलं असतं. सिनेमा पाहताना मी एकच प्रश्न विचारते: उजेड कुणावर आहे आणि अंधारात कोण आहे? दोन-तीन सिनेमांत मुलं स्वतःच ओळखू लागतात. पण मला जास्त काळजी ऐतिहासिक कादंबरीची वाटते. मराठी घरांत कादंबरी आणि इतिहास एकाच कपाटात, एकाच आदरानं ठेवलेले असतात. पडद्यावर निदान नट दिसतो. कादंबरी थेट राजाच्या मनातून बोलते, आणि "हे त्याच्या मनात होतं हे लेखकाला कसं कळलं?" असं विचारायचं आपल्यालाही सुचत नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना आधी साधा, कोरडा इतिहास द्या. कादंबरी आणि सिनेमा त्यानंतर.

आपल्या इथली खरी अडचण भाषेची आहे. बडोद्यातल्या मराठी घरांतल्या पुष्कळ मुलांना मराठी कळतं, बोलताही येतं, पण वाचन अडखळतं. हिंदीमुळे अक्षरं येतात, वेग येत नाही. अशा मुलाच्या हाती जाड मराठी पुस्तक देऊन बाजूला झालं तर आठव्या पानावर ते मिटतं. म्हणून मोठ्यांनी वाचून दाखवायचं. २०० पानांचं पुस्तक, पानाला २५० शब्द, म्हणजे ५०,००० शब्द. मोठ्यानं वाचताना मिनिटाला साधारण १२५ शब्द होतात, तेव्हा रोज रात्री १५ मिनिटं दिली तर २७ दिवसांत पुस्तक संपतं. सिनेमा अडीच तासांत संपतो, पण वाचून दाखवताना मराठी कानावर पडतं तो फायदा वेगळाच. वेळच नसेल तर जाडजूड कादंबरीपेक्षा दहा पानांचं आत्मकथन निवडा, पण सिनेमा हे पुस्तकाचं छोटं रूप आहे असं समजून नका दाखवू.

या निवडीचा आपल्या शहराला जुना अनुभव आहे. सयाजीराव महाराज १८७५ मध्ये कवळाणे या खेड्यातून बाराव्या वर्षी इथे आले तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. त्याच महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथालय-तज्ज्ञांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेड्यांत जायची. आणि त्याच ग्रंथालय खात्याच्या दृश्यशिक्षण शाखेतून गावोगाव जादूचे कंदील (काचेवरची चित्रं भिंतीवर मोठी करून दाखवणारे दिवे) आणि चित्रपटाची यंत्रंही जायची, कारण कित्येकांना अजून वाचता येत नव्हतं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत काचेची जमीन पाहताना मी मुलांना या पेट्यांची आणि यंत्रांची गोष्ट सांगते.

पहिला भारतीय चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके याच शहरातल्या कलाभवन या कला-तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकले. १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. लहानपणापासून ऐकलेल्या कथा मनात होत्या म्हणूनच ते झालं असं मला वाटतं.

खालच्या घरच्या सुनेला मी ती पानं झेरॉक्स करून दिली. दोन रात्रींत त्यांचं वाचून झालं. रविवारी सकाळी मायलेकी कमाटीबागेत गेल्या, तिथल्या बाबासाहेबांच्या स्मारकापाशी, संकल्पभूमीपाशी बसल्या आणि स्टेशन तिथून किती लांब आहे ते चालत जाऊन पाहिलं. सिनेमा मुलीनं अजून पाहिलेला नाही. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे बसून पाहायचा ठरलाय, आणि येताना त्या धर्मशाळेच्या खोलीचं तिनं काढलेलं चित्र घेऊन यायला सांगितलंय.