चेकर्स शिकायचंय, पण कोणत्या देशाच्या नियमांनी?

साधी सोंगटी मागे मारू शकते की नाही, यावरून चेकर्सच्या पटावर हमखास वाद होतो. एक म्हणतो "येते", दुसरा म्हणतो "छे, फक्त राजालाच येते". (मारणं म्हणजे समोरच्याच्या सोंगटीवरून पलीकडच्या मोकळ्या घरात उडी घेऊन ती उचलणं; शेवटच्या रांगेत पोचलेली सोंगटी राजा होते.) दोघंही बरोबर असतात. एक रशियन नियम शिकलेला असतो, दुसरा अमेरिकी. म्हणून नव्याने शिकणाऱ्याने पट उघडण्याआधीच हे ठरवून घ्यावं.

बहुतेक जण आधी पटाचा आकार बघतात. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी बघावा. खेळाचा स्वभाव तीन गोष्टी ठरवतात: राजा किती लांब जातो, साधी सोंगटी मागे मारते का, आणि मारायच्या दोन वाटा असतील तर कोणती घ्यायची हे कोण ठरवतं. मारणं शक्य असेल तर मारावंच लागतं, हे मात्र खाली दिलेल्या सगळ्या प्रकारांत सारखंच आहे.

इंग्लंड-अमेरिकेच्या प्रकारात ६४ घरं आणि प्रत्येकी १२ सोंगट्या असतात. साधी सोंगटी फक्त पुढेच मारते. राजा मागे-पुढे जातो, पण एकेकच घर. दोन वाटा असतील तर हवी ती घ्या, जास्त सोंगट्यांची वाट घेण्याची सक्ती नाही. यामुळे खेळ शांत होतो. एकेका घरासाठी झटावं लागतं आणि बरोबरी फार होते. १९९२ मध्ये अमेरिकेचे चेकर्सपटू मॅरियन टिन्सली आणि चिनूक नावाचा संगणक-प्रोग्रॅम यांच्यात सामना झाला. त्यातल्या ३९ डावांपैकी ३३ बरोबरीत सुटले, टिन्सलींनी चार जिंकले आणि संगणकाने दोन. पुढे २००७ मध्ये अल्बर्टा विद्यापीठातल्या जोनाथन शेफर यांच्या गटाने सिद्धच केलं, की दोन्ही बाजूंनी अचूक खेळ झाला तर हा डाव बरोबरीतच सुटतो. म्हणून हा प्रकार संपला, असं मला वाटत नाही. ५ च्या पुढे २० शून्यं लिहावीत इतक्या मांडण्या माणसाच्या डोक्यात मावत नाहीत. मोठ्या स्पर्धांत पहिल्या तीन चाली चिठ्ठीने ठरवतात, त्यामुळे पाठ केलेल्या सुरुवातीवर फार भिस्त ठेवता येत नाही.

रशियन प्रकाराला पट तोच, सोंगट्याही तेवढ्याच. पण इथे साधी सोंगटी मागेही मारते आणि राजा तिरप्या रेषेत मोकळी असतील तितकी घरं धावतो. असा एक राजा मिळाला की पटाचा रंगच बदलतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या मोठ्या तिरप्या रेषेवर एकटा राजा ठाण मांडून बसला, तर समोरचे तीन राजेही त्याला हलवू शकत नाहीत. ती रेषा सुटली, तर मात्र तिघं मिळून त्याला पकडतात.

फरक डोळ्यांनी बघायचा तर एवढं मांडून पाहा. तुमची साधी सोंगटी शेवटून तिसऱ्या रांगेत आहे. तिच्या पुढच्या डाव्या तिरप्या घरात, म्हणजे शेवटून दुसऱ्या रांगेत, समोरच्याची सोंगटी आहे. ती मारली की तुम्ही शेवटच्या रांगेत पोचता. तिथून डावीकडे खाली पुन्हा समोरच्याची एक सोंगटी आहे आणि तिच्यामागची घरं मोकळी आहेत. अमेरिकी नियमाने पहिली मारून राजा झालात की चाल तिथेच संपली. रशियन नियमाने पोचताक्षणी राजा झालात, त्यामुळे राजा म्हणूनच दुसरीही मारायची. आंतरराष्ट्रीय नियमाने दुसरीही मारता, पण शेवटच्या रांगेत थांबला नाहीत म्हणून सोंगटी साधीच राहते! मांडणी एकच, निकाल तीन.

आंतरराष्ट्रीय प्रकार १०० घरांवर, प्रत्येकी २० सोंगट्यांनी खेळतात. नेदरलँड्स, फ्रान्स आणि पश्चिम आफ्रिकेत त्याची परंपरा मोठी आहे. सेनेगलचे बाबा सी यांना जागतिक विजेतेपद मिळालं ते मरणोत्तर. राजा लांब धावतो, साधी सोंगटी मागे मारते, आणि सर्वांत जास्त सोंगट्या ज्या वाटेने मरतील तीच वाट घ्यावी लागते. हा नियम मला सगळ्यांत आवडतो. दोन-तीन सोंगट्या स्वतःहून देऊन समोरच्याला नको त्या घरात ओढून आणता येतं. शिवाय मारलेल्या सोंगट्या चाल पूर्ण झाल्यावरच उचलायच्या असतात आणि त्यांच्यावरून दुसऱ्यांदा उडी मारता येत नाही. त्यामुळे मेलेली सोंगटीच मारणाऱ्याची वाट अडवते आणि तो नेमका तुम्हाला हव्या त्या घरात अडकतो.

हेच नियम ६४ घरांवर आणले की ब्राझिलियन प्रकार होतो, १४४ घरांवर प्रत्येकी ३० सोंगट्यांनी खेळले की कॅनडाचा. इटलीत साधी सोंगटी राजाला मारूच शकत नाही. स्पेनमध्ये राजा लांब धावतो, पण साधी सोंगटी मागे मारत नाही. तुर्कस्तानचा खेळ वेगळ्याच वळणाचा आहे. तिथे तिरकं कुणी जात नाही, सरळ आणि आडवं जातात. सगळी ६४ घरं वापरात असतात आणि प्रत्येकी १६ सोंगट्या. तो दुसरा खेळ समजूनच शिकावा. चायनीज चेकर्सचा तर या कुटुंबाशी संबंधच नाही, नाव तेवढं सारखं.

आता निवड. तुमच्याबरोबर खेळणारे आधीच अमेरिकी नियमांनी खेळत असतील तर तेच शिका. जोडीदार असणं हे नियमांपेक्षा मोठं. शांत, हिशेबी खेळ आवडत असेल तरीही तेच. जगभरच्या स्पर्धांत उतरायचं असेल तर सरळ १०० घरांचा पट घ्या, कारण त्याची सवय व्हायला वेळ लागतो. आणि काहीच ठरत नसेल तर रशियन घ्या. साध्या पटावर लगेच बसता येतं, मागे मारणं आणि धावता राजा दोन्ही अंगवळणी पडतात. पुढे आंतरराष्ट्रीय प्रकाराकडे वळलात तर मोठ्या पटाशिवाय दोनच मुख्य गोष्टी नव्याने शिकाव्या लागतील: जास्तीत जास्त मारण्याची सक्ती, आणि शेवटच्या रांगेला शिवून परतलेल्या सोंगटीला राजा न करणं.