जेएआयआयबी पुन्हा देताय? परत वाचायचं की सोडवायचं

जेएआयआयबी म्हणजे बँक कर्मचाऱ्यांची चार पेपरांची परीक्षा. पहिल्या खेपेला माझे दोन पेपर उडाले. अकाउंटिंगला शंभरात ३८, बँकिंगच्या प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिसेसला ४४. देवगडातले दोन सहकारी आज त्याच जागी आहेत आणि दोघंही विचारतात, पुस्तकं परत काढू की नुसते प्रश्न सोडवू? मी दोन्ही करून बघितलंय.

पहिल्या वेळी जाडजूड पुस्तकं पिवळ्या मार्करने रंगवली. शाखेतून दमून घरी, जेवण, मग दहा ते साडेअकरा वाचन. आतून आईचा आवाज यायचा, "पुस्तक घेवन निजलंस मा परत?" दुसऱ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि आपल्याला येतंय असा भ्रम होतो. परीक्षेत आलं: 'अ'च्या एकट्याच्या नावाने गार्निशी ऑर्डर (देणेकऱ्याचे खात्यातले पैसे अडवण्याचा कोर्टाचा हुकूम) आली, खातं 'अ' आणि 'ब' यांचं संयुक्त, काय कराल? मी अर्धी रक्कम अडवली. बरोबर उत्तर, त्या खात्याला ऑर्डर लागूच नाही. अर्धा-अर्धा हिशोब आयकराच्या नोटिशीतला. दोन्ही परिच्छेद मी पिवळे केले होते, शेजारी ठेवून मात्र कधी बघितले नव्हते.

दुसऱ्या वेळी उलटं केलं. धडा न वाचता आधी वीस प्रश्न, चुकलेल्याचं कारण वहीत एका ओळीत, मग पुस्तकाचं तेवढंच पान. तीन दिवसांनी आणि दहा दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा. सुरुवातीला अपमान होतो, वीसात सात बरोबर. पण रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात हेच दिसलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तर त्यांचे ४२ आणि आठवून बघणाऱ्यांचे ५६. परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते.

वही कागदाचीच ठेवा. आमच्याकडे पावसात लाईट गेली की पाठोपाठ नेटही जातं.

अकाउंटिंगला तर वाचनाचा पर्यायच धरू नका. घसारा, ॲन्युइटी (ठरावीक हप्त्यांचा हिशोब), वायटीएम (रोखा मुदतीपर्यंत ठेवल्यास मिळणारा परतावा) हे हातानेच उतरतं. मात्र कृषी किंवा इंजिनिअरिंगमधून थेट बँकेत आलेल्याने डेबिट-क्रेडिटचा पाया एकदा सावकाश वाचावा. पाया नसताना प्रश्न सोडवणं म्हणजे उत्तरं पाठ करणं.

मे-जूनची फेरी की ऑक्टोबर-नोव्हेंबरची? मे महिन्यात आमच्या काऊंटरवर आंब्याचे पैसे आणि मुंबईकर, दोन्हींची रांग. मला दुसरी फेरी मानवली, गणपतीचे सात दिवस सोडून देऊनही.

दोनच पेपर उरले असतील तर प्रत्येकात ५० हवेतच. चारही एका प्रयत्नात दिलेत तर प्रत्येकी ४५ आणि एकूण सरासरी ५० टक्के असली तरी निघता, म्हणून अजून एकही पेपर न सुटलेल्याने चारही एकदम भरावेत असं माझं मत. एक पेपर भक्कम असेल तर तो दुसऱ्याला ओढून नेतो.

आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. पहिल्या वेळी अकाउंटिंगमध्ये शंभरातले अकरा प्रश्न मी कोरे सोडून उठले होते.