एपीआयचा अमोनिया किट: शेडवाल्याच्या नजरेनं

माशांच्या टाकीच्या पाण्यात अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून तयार होणारं विष, किती आहे ते मोजायचा एपीआय कंपनीचा हा किट चांगला आहे, घ्या. पण सोबत येणाऱ्या रंगकार्डावर लोक जेवढा भरवसा ठेवतात तेवढा ठेवू नका. हे मी मासे पाळणारा म्हणून कमी आणि सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या डाइंगला (रंगाईला) शेड मॅच करणारा म्हणून जास्त सांगतोय. पार्टीनं पाठवलेला चिंधीएवढा तुकडा आणि आमच्या लॉटमधला टॉवेल एकाच रंगाचा आहे की नाही, हे ठरवण्यावरच माझं पोट चालतं.

खोक्यात दोन बाटल्या, झाकणाची काचेची नळी आणि कार्ड असतं. 5 मिली पाणी, पहिल्या बाटलीचे 8 थेंब, दुसरीचे 8 थेंब, झाकण लावून जोरात हलवायचं आणि 5 मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर शून्य. हिरवं होत गेलं तर 0.25, 0.5, 1 असं करत 8 पीपीएमपर्यंत (पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती भाग). एका किटमध्ये 130 चाचण्या होतात, म्हणजे घरच्या एका टाकीला भरपूर झाल्या.

आता यातला हिरवा येतो कुठून ते बघा, कारण सगळी गोम तिथंच आहे. अमोनियाशी रसायनाची क्रिया होऊन तयार होतो तो खरं तर निळा रंग. पिवळा असतो तो रसायनाचा स्वतःचा. पिवळ्यावर निळा चढला की हिरवा दिसतो, हे डाइंगमधल्या कुठल्याही पोऱ्याला माहीत आहे. आणि पिवळ्यावर अगदी जरासा निळा चढलाय की नाही, हे ओळखणं सगळ्यात अवघड, हेही माहीत आहे. म्हणून 2 पीपीएम कुणालाही दिसतं, भांडण होतं ते शून्य आणि 0.25 वर.

माझा मेव्हणा जुळे सोलापूरला राहतो. नवी टाकी बसवली आणि रोज रात्री जेवणं झाल्यावर फोन सुरू. ‘दाजी, पाव दाखवतंय. आज परत पाव. निम्मं पाणी बदललं तरी पावच.’ गेलो बघायला. हा गडी नळी टाकीवरच्या निळसर एलईडीखाली धरून, वरून आत डोकावून बघत होता. निळसर उजेडात पिवळं हिरवट दिसणारच! आणि वरून बघितलं की रंगाचा थर जाड होतो, शेड गडद वाटते. नळी कार्डाच्या पांढऱ्या भागाला टेकवून, समोरून बघायची असते. आमच्याकडे यासाठी लाइट बॉक्स असतो, त्यात दिवसाच्या उजेडासारखा दिवा, दुकानातली ट्यूब, पिवळा बल्ब असं एकेक लावून बघतात. एका उजेडात जुळलेली शेड दुसऱ्या उजेडात फुटते. घरी लाइट बॉक्स नको. सकाळी गॅलरीत जा, अंगावर ऊन न घेता सावलीत उभं राहा, झालं.

तरीही कार्ड आणि नळी तंतोतंत जुळत नाहीत आणि जुळणारही नाहीत. एक कागदावर छापलेली शाई, दुसरं आरपार दिसणारं पाणी. मी तर कापडसुद्धा छापील कार्डाशी मॅच करत नाही, समोर खरा तुकडा ठेवूनच करतो. इथंही तेच. दुसऱ्या नळीत आरओचं पाणी घ्या, त्यात त्याच बाटल्यांचे तेवढेच थेंब टाका, 5 मिनिटांनी दोन्ही नळ्या शेजारी धरा. हे तुमचं शून्य. टाकीचं पाणी त्याच्यासारखंच दिसलं तर अमोनिया शून्य, कार्ड काही का म्हणेना. हिरवट दिसलं तर अमोनिया आहे, मग किती ते कार्डावरून ठरवा. यासाठी दुसरी नळी वेगळी घ्यावी लागते, तेवढा खर्च करा. मेव्हण्याची दोन्ही पाणी शेजारी धरली तर एकाच शेडची निघाली.

दोन-चार बारीक गोष्टी. बाटली उलटी करून अगदी सरळ धरा, तिरकी धरली की थेंब लहानमोठा पडतो आणि रेसिपी बिघडते. नळीच्या तोंडावर बोट ठेवून हलवू नका, घामातही अमोनिया असतो. काच पुसायच्या काही स्प्रेमध्येही असतो, तो हात नळीला नको. चाचणीचं पाणी परत टाकीत ओतू नका. कार्ड उन्हात ठेवू नका, उतरतं.

सोलापूरकरांसाठी वेगळं सांगायचं म्हणजे, हा किट एकूण अमोनिया मोजतो. त्यातला माशाला मारणारा भाग किती, ते पीएच (पाणी आम्लाकडं झुकतंय की अल्काकडं, त्याचा आकडा) आणि तापमानावर ठरतं. 25 अंशाला पीएच 7 असेल तर तो जेमतेम अर्धा टक्का, पीएच 8 ला पाच टक्क्यांच्या वर. त्याच पीएच 8 ला पाणी 30 अंशांवर गेलं की सात टक्क्यांच्या पुढं. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, म्हणजे पीएच बहुधा वरचा, आणि मे महिन्यात टाकीचं पाणी 30 च्या खाली राहतंय कुठं? म्हणून थंड गावातल्या माणसानं ‘अर्धा पीपीएम चालतंय’ म्हटलं तरी आपण मान डोलवायची नाही. पीएचही मोजा. नळाला पाणी येतं तेव्हा आपण पिंपं भरून ठेवतो, त्या साठवलेल्या पाण्याचीही एकदा चाचणी घ्या. अमोनिया तिथूनच येत असेल तर पाणी बदलून आकडा कसा उतरणार? आणि अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर (टाकीच्या पाण्यात टाकायचं औषध) टाकलं असेल, तर बांधलेला अमोनियाही या किटमध्ये दिसतोच. आकडा खाली आला नाही म्हणून औषध वाया गेलं असं समजू नका.

एका बाटलीचा, पिवळ्यावरून तपकिरीकडं जाणारा नेसलर पद्धतीचा किट स्वस्त पडतो. त्यात पारा असतो आणि काही कंडिशनरनं त्याचा आकडा खोटा येतो. मी घरात ठेवत नाही.

घेताना बाटलीवरचा लॉट नंबर वाचा. शेवटचे चार अंक म्हणजे बनवल्याचा महिना आणि वर्ष. शहरातल्या एका दुकानात मला धुळीतला खोका काढून दिला. अंक वाचून म्हटलं, माल लई जुना आहे. तर म्हणे, ‘काय होतंय मालक, रंग आहे तो, खराब थोडीच होतोय.’ रंगाबद्दल हे मला सांगत होता! खोका तिथंच ठेवला आणि दुसरीकडून ताजा लॉट घेतला.