सुपर मारिओ ब्रदर्स पुन्हा खेळताना: बी बटण सोडू नका

'मारिओ आता जड वाटतो, सांगितल्यावर उडी मारत नाही.' बऱ्याच वर्षांनी हा गेम पुन्हा लावणाऱ्यांची ही ठरलेली तक्रार. दोष बहुतेक वेळा गेमचा नसतो. तो टीव्हीचा असतो, नाहीतर अंगठ्याचा.

आधी टीव्हीचं पाहू. हा गेम १९८५ साली निन्टेंडोच्या फॅमिकॉम या घरगुती गेम-मशीनवर आला, तेव्हा घरोघरी पिक्चर ट्यूबचे टीव्ही होते आणि त्यांवर चित्र जवळजवळ लगेच उमटायचं. आजचा सपाट टीव्ही चित्रावर आधी प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो. समजा चार फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागोमाग बदलणारी चार चित्रं, इतका उशीर झाला. पूर्ण वेगात मारिओ एका फ्रेममध्ये अडीच पिक्सेल सरकतो, म्हणजे तुम्हाला दिसतो त्यापेक्षा तो दहा पिक्सेल पुढे असतो. एक वीट सोळा पिक्सेलची. अर्ध्या विटेहून जास्त चूक घेऊन खड्ड्याच्या काठावरून उडी मारायची, तर पडणारच. म्हणून पहिलं काम टीव्हीचा गेम मोड चालू करणं. त्यानेही भागलं नाही तर कंट्रोलर वायरचा घ्या.

आता अंगठा. बी हे 'पळायचं बटण' आहे आणि ते गरजेपुरतं वापरायचं असतं, हा समज सोडून द्या. अंगठ्याचं मूळ सतत बीवर दाबलेलं ठेवा आणि टोक ए या उडीच्या बटणावर टेकवून उडी मारा. उडीची उंची पाय सुटताना असलेल्या वेगावर ठरते: उभ्याने साधारण चार विटा, पूर्ण वेगात पाच. ए जितका वेळ दाबून ठेवाल तितका मारिओ वर जात राहतो, सोडलंत की लवकर खाली येतो. हवेत दिशा थोडी बदलता येते, पण चालता चालता मारलेल्या उडीला हवेत पळण्याचा वेग मिळत नाही. खड्डा ओलांडताना लोक चुकतात ते इथेच. काठावर आल्यावर बी दाबून काही होत नाही, दोन-तीन विटा आधीपासून धाव हवी. आणि खड्डा एकाच विटेचा असेल तर उडीची गरजच नाही, पूर्ण वेगातला मारिओ त्यावरून सरळ पळत जातो.

आगीचे गोळे टाकायलाही बीच लागतं, म्हणून ते सोडून पुन्हा दाबावं लागतं. त्याची भीती नको. बटण पटकन सोडून दाबलं तर वेग मोडत नाही. पडद्यावर एका वेळी दोनच गोळे राहू शकतात. लांबून टाकलेले दोन्ही चुकले तर ते पडद्याबाहेर जाईपर्यंत हात रिकामे. गोळा जवळूनच टाकावा.

एवढं हातात बसलं की १-१, म्हणजे पहिल्या वर्ल्डची पहिली लेव्हल, किती विचारपूर्वक रचली आहे ते कळतं. लहानपणी ती फक्त सोपी वाटते. दुसऱ्या प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून निघालेला मशरूम उजवीकडे जातो, पाइपला आपटतो आणि परत तुमच्याकडेच येतो, त्यामुळे तो चुकवायचं म्हटलं तरी सहसा चुकत नाही. शेवटाकडे समोरासमोर पायऱ्यांच्या दोन जोड्या येतात. पहिलीच्या मध्ये जमीन आहे, दुसरीच्या मध्ये खड्डा. आधी न मरता सराव, मग खरी परीक्षा, आणि हे सांगायला पडद्यावर एक शब्दही नाही. गेमचे रचनाकार शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी हे सगळं ४० किलोबाइटमध्ये बसवलं. ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. एकदा लक्षात आलं की पुन्हा ते झुडूप झुडूप वाटत नाही.

काटकसर सगळीकडे इतकी गोड नाही. आठ वर्ल्ड, प्रत्येकात चार, अशा लेव्हल ३२ असल्या तरी १-३ हीच वाढवलेल्या त्रासासह ५-३ म्हणून परत येते. तसंच १-४ आणि ६-४, २-२ आणि ७-२, २-३ आणि ७-३, २-४ आणि ५-४ यांचं. पाण्यातल्या लेव्हल आजही रटाळ आहेत: वेग नाही, उडी नाही, म्हणजे गेमचा जीवच काढून घेतलेला. किल्ल्यांमधले ४-४, ७-४ आणि ८-४ हे भुलभुलैये तर सरळ खोडसाळ म्हणावे लागतील. चुकीची वाट घेतली की तोच भाग पुन्हा समोर येतो, पण चूक कुठे झाली याची खूण नाही. तिथे कागदावर 'वर, मध्ये, खाली' असं टिपत जाणं हाच उपाय. वर घड्याळही चालू असतं, आणि त्याचा एक आकडा म्हणजे पुरता सेकंद नव्हे, साधारण ०.४ सेकंद.

एरवी मेल्यावर बऱ्याचदा लेव्हलच्या मध्यापासून सुरुवात होते. किल्ल्यांमध्ये आणि संपूर्ण आठव्या वर्ल्डमध्ये ती सोय नाही. ८-३ मध्ये हातोडे फेकणारे भाऊ जोडीने येतात आणि तिथे मेलात की थेट पहिल्या पावलापासून. म्हणून आठव्यात लाइफचा साठा हवा. तो ३-१ च्या शेवटच्या पायऱ्यांवर करता येतो. वरून उतरणारं कासव पायरीवर असताना त्याच्यावर असं पडायचं की कवच पायरीला आपटून परत पायाखाली येईल. नेम साधला तर मारिओ जागच्या जागी उसळत राहतो आणि गुण वाढत वाढत प्रत्येक उडीला लाइफ मिळू लागते. साठ-सत्तरवर थांबा. आकडा सव्वाशेच्या पुढे गेला की गेमचा हिशोब उलटा फिरतो आणि पुढच्या मरणाला थेट गेम ओव्हर होऊ शकतो.

लाइफ संपल्या तरी सगळं गेलेलं नसतं. सुरुवातीच्या पडद्यावर ए दाबून धरा आणि स्टार्ट दाबा, त्याच वर्ल्डच्या पहिल्या लेव्हलपासून सुरू होतं. मशीन बंद केलं की मात्र हेही पुसलं जातं. १-२ च्या छतावरून चालत गेलं की शॉर्टकटचे पाइप मिळतात, हे सर्वांना माहीत असतं. पुन्हा खेळताना पहिल्या फेरीत ते वापरू नका. चौथ्या वर्ल्डमध्ये थेट उतरलात तर धावत्या उडीचा सराव झालेलाच नसतो.

कोणती आवृत्ती घ्यावी? मूळचीच. निन्टेंडो स्विचच्या ऑनलाइन सदस्यत्वात ती आहे, हवं तिथे सेव्ह करता येते, मागेही नेता येते. चित्र ४:३ प्रमाणात ठेवा, पडदाभर ताणू नका. १९९३ च्या सुपर मारिओ ऑल-स्टार्समधली आवृत्ती दिसायला देखणी आहे, प्रगती सेव्ह होते, भुलभुलैयात वाट बरोबर की चूक हे आवाजाने कळतं. पण तिथे वीट फोडल्यावर मारिओ खाली यायच्या ऐवजी वर जात राहतो. ऐकायला क्षुल्लक, पण मुरलेल्या हाताला दर विटेला खटकतं. १९९९ च्या, गेम बॉय कलर या हातात धरायच्या मशीनवरच्या डिलक्स आवृत्तीत पडदा इतका लहान आहे की खड्डा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

जुनी कॅसेटच लावणार असाल तर फुंकर मारू नका, तोंडातल्या ओलाव्याने पितळी रंगाच्या त्या पट्ट्या गंजतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, पूर्ण वाळू द्या, मग लावा. पुसूनही जुन्या एनईएसचा (फॅमिकॉमच्या परदेशी रूपाचा) दिवा दर सेकंदाला लुकलुकत असेल तर मशीनमधला कनेक्टर सैल झाला असण्याची शक्यता जास्त.

गेम एकदा संपवल्यावर बंद करायची घाई नको. आता बीने सुरुवातीचं वर्ल्ड निवडता येतं आणि त्या फेरीत साध्या गुंबांच्या (चालत येणाऱ्या तपकिरी शत्रूंच्या) जागी काळ्या कवचाचे बीटल येतात. त्यांच्यावर आगीचा गोळा चालत नाही, उडीच मारावी लागते.