जुनी मानदुखी: ताणाचे व्यायाम की ताकदीचे?

तीन महिन्यांहून जास्त दिवस दुखणारी मान आपल्याकडच्या बहुतेक बायका अंगावरच काढतात. मलम चोळायचं, गोळी घ्यायची, पुन्हा कामाला लागायचं. व्यायाम करायचं मनावर घेतलं, तरी कोणता हे कळत नाही. फिजिओथेरपिस्ट रबरी पट्टी हातात देतात, योगवर्गात मान ताणायला सांगतात, शेजारीण म्हणते नुसतं चालत जा. वेळ एकाच गोष्टीपुरता असेल तर काय निवडावं, त्यासाठी हे लिहिते आहे.

ताणाचा व्यायाम म्हणजे मान हळूच खांद्याकडे झुकवून अर्धा मिनिट थांबायचं, मग दुसरी बाजू. याला पैसा लागत नाही आणि लगेच मोकळं वाटतं. शिलाई मशीनवर बसणारी, वह्या तपासणारी शिक्षिका, मोबाईलवर नोंदी भरणारी अंगणवाडीताई, पैठणच्या मागावर बसणारी बाई, सगळ्यांना हे बसल्या जागी जमतं. पण दुखणं जुनं असेल तर ते मोकळेपण फार टिकत नाही.

फिनलंडमध्ये मानदुखी असलेल्या 180 महिला कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर वर्षभर अभ्यास झाला. 2003 साली तो प्रसिद्ध झाला. एका गटाने रबरी पट्टीच्या ताणाविरुद्ध मान जोरात ढकलण्याचा व्यायाम केला. दुसऱ्या गटाने पडल्या पडल्या डोकं पुन्हा पुन्हा उचललं. हे दोन्ही गट डंबेल्सही उचलत होते. तिसऱ्या गटाला फक्त ताणाचे व्यायाम आणि चालण्यासारखा हलका व्यायाम सांगितला होता. वर्षाअखेरीस बराच किंवा पूर्ण आराम पडल्याचं पहिल्या गटातल्या 73 टक्के, दुसऱ्यातल्या 59 टक्के आणि तिसऱ्यातल्या 21 टक्के बायकांनी सांगितलं. जुन्या मानदुखीला मी ताकदीचा व्यायाम आधी सांगते, तो या फरकामुळे.

इथे बायका हमखास विचारतात, "डोक्यावर हंडे वाहूनच मान गेली, आता पुन्हा वजन कशाला?" शंका अगदी रास्त आहे. हंडा भरला की उचलावाच लागतो. आज मान दुखतेय म्हणून कुणी तो अर्धा भरत नाही. उसाच्या मोळीचंही तसंच. व्यायामात वजन तुम्ही ठरवता, मध्ये एक दिवस विश्रांती घेता, झेपलं तरच वाढवता. दुखतं म्हणून जपत राहिलं की मानेचे स्नायू आणखी कमजोर होतात, आणि मग रोजचाच हंडा त्यांना जड जातो. ताकद वाढली की तोच हंडा त्यांच्या आवाक्यात येतो.

याला जिम लागत नाही. पाण्याच्या दोन बाटल्या घ्या, अर्ध्या लिटरच्या असल्या तरी चालतील. हात बाजूंनी खांद्याइतके वर न्या, सावकाश खाली आणा. मग तळहाताने कपाळ अडवा आणि मान न हलवता कपाळ हातावर दाबा. तसंच मागून आणि दोन्ही बाजूंनी. करताना थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशीपर्यंत ते शमलं पाहिजे. नाही शमलं तर वजन कमी करा. वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी डेन्मार्कमधला एक अभ्यास आहे: रबरी पट्टीने हात वर नेण्याचा व्यायाम रोज फक्त दोन मिनिटं केला, तरी 10 आठवड्यांत दुखणं कमी झालं.

मान इतकी दुखते की बाटलीही नको वाटते, अशांनी उताणं झोपून हनुवटी किंचित आत घ्यावी, हळूच 'हो' म्हटल्यासारखी. दहा सेकंद धरून सोडावी. याने मानेच्या पुढच्या बाजूचे खोलवरचे स्नायू जागे होतात. हा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या, कारण चुकीचा केला तर वरवरचे स्नायूच आवळले जातात.

योगासनांनीही मानदुखीत आराम पडतो, आणि गावात चांगला वर्ग असेल तर चार जणींच्या सोबतीने सातत्य राहतं. फक्त शीर्षासन आणि सर्वांगासन सध्या टाळा. चालणं तब्येतीला उत्तम, मानेला एकटं पुरत नाही. शेक तात्पुरता. मानेचा पट्टा महिनोन् महिने लावू नका. झटका देऊन मान मोडून घेणं तर नकोच.

हाताला मुंग्या येतात, पकड सुटून वस्तू पडतात, चालताना तोल जातो, पडल्यावर किंवा अपघातानंतर दुखणं सुरू झालं, सोबत ताप येतो किंवा वजन उतरतंय, यातलं काहीही असेल तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.

बीडकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनी ताकदीचा व्यायाम घरी असतानाच, पावसाळ्यात सुरू करावा. दिवाळीनंतर फडावर मोळ्या वाहायला लागल्यावर नवं वजन वाढवू नये. तिथे संध्याकाळी ताणाचे व्यायाम आणि हनुवटी आत घेण्याचा व्यायाम एवढंच चालू ठेवावं.