रातकिड्यांचं पीठ: डिचोलीच्या स्वयंपाकघरातले सात महिने

पाकीट फोडल्यावर पहिला वास आला तो सुक्या सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा. शहाणपण तेव्हाच सुचायला हवं होतं. ते सुचायला वहिनीचे ओठ सुजावे लागले.

भाचा जर्मनीत असतो. मे महिन्यात आला तेव्हा रातकिड्यांच्या पिठाची तीन पाकिटं घेऊन आला. "मावशी, मटण सोडलंयस ना, मग हे खा." किळस दोन दिवस टिकली. तपकिरी, बारीक पूड, त्यात पाय नाहीत की मिशा नाहीत. नाचणीच्या धिरड्यात दोन चमचे घालायचे, कधी वड्यांच्या पिठात. चव भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळची, खमंग. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या, खाऱ्या मासळीच्या जोडीला हेही बरं वाटलं.

जुलैत वहिनी राहायला आली. तिला सुंगटं बाधतात हे घरात सगळ्यांना पाठ आहे. किसमूर (सुक्या सुंगटांची कोशिंबीर) केलं तर आम्ही तिच्यासाठी डावसुद्धा वेगळा ठेवतो. आणि मी तिला तीच धिरडी वाढली! पंधरा मिनिटांत ओठ चुरचुरले, मग सुजले, मानेवर गांधी उठल्या. नशीब, श्वास अडकला नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि काय खाल्लं ते विचारलं. "रातकिडे" म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

रात्री भाच्याला पाकिटाचा फोटो पाठवला. घटकांच्या शेजारीच लिहिलेलं होतं, जर्मनमध्ये: सुंगटं-कुर्ल्या (खेकडे), शिंपल्या किंवा धुळीतले माइट यांची ॲलर्जी असलेल्यांना याचाही त्रास होऊ शकतो. युरोपने रातकिड्याला खाद्य म्हणून 2022 मध्ये परवानगी दिली ती ही सूचना छापण्याच्या अटीवरच. सुंगट काय, कुर्ली काय, रातकिडा काय, सगळी एकाच खानदानातली. त्यांच्या स्नायूंतलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन सारखंच असतं आणि ते उकळून-तळून जात नाही. वहिनीच्या शरीराने सुंगट ओळखलं, एवढंच.

मग मी खोदून वाचायला लागले. सुंगट साफ करताना आपण पाठीतला काळा दोरा काढतो. रातकिड्याचा कोण काढणार? तो आतड्यासकट दळला जातो. म्हणून नीट व्यवसाय करणारे मारण्याआधी चोवीस तास त्याला उपाशी ठेवतात. तरी काही जंतूंचे बीजाणू उष्णतेतून वाचतात. त्यातलाच एक बॅसिलस सेरियस, रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताने पोट बिघडतं ते त्याच्यामुळेही. कोरड्या पिठात तो झोपून असतो, ओल लागली की जागा होतो. आणि गोव्याचा पाऊस म्हणजे ओलच ओल. दुसरं पाकीट मी चिमट्याने बंद करून फडताळात ठेवलं होतं. ऑगस्टमध्ये त्याचे गोळे झाले, कुबट वास यायला लागला. महागाचं होतं, जीव जळला, पण भिजवून बघण्याचा मोह आवरला आणि सरळ टाकून दिलं. तिसरं हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये. पीठ कालवलं की लगेच तव्यावर, सकाळचं संध्याकाळी नाही.

शेजारच्या एका पोराने विचारलं, "मावशी, मग आमचे हुमले काय वाईट?" हुमले म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्या. त्यांची चटणी खाणारे खातात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण काजूवर ढेकण्या नावाच्या किडीसाठी फवारणी झाली असेल, तर त्या बागेतला मेलेला-अर्धमेला किडा गोळा करून खायचा नाही. किडा जे खातो ते आपल्या पोटात येतं. जमिनीत, चाऱ्यात कॅडमियमसारखा विषारी धातू असला तर तोही. तसंच मेल्यानंतर उन्हात राहिलेल्या बांगड्यात जसं हिस्टामीन तयार होतं, तसं किड्यांतही होतं. थायलंडमध्ये तळलेले किडे खाऊन लोकांना त्याची विषबाधा झालेली आहे. तळून ते जात नाही.

प्रथिनांच्या आकड्यालाही थोडी कात्री लावा. लेबलवरचा आकडा नायट्रोजन मोजून काढतात, आणि किड्याच्या कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, तोही प्रथिन म्हणून मोजला जातो.

मला स्वतःला सात महिन्यांत काही झालं नाही. पहिल्या आठवड्यात पोट जरा फुगलं, तेव्हा दोनाचा एक चमचा केला. नवीन पाकीट मागवणार का? एक मागवलंय. फक्त डब्यावर आता "रातकिडे" लिहीत नाही. जाड मार्करने "सुंगटं" लिहिलंय, म्हणजे वहिनी हात लावणार नाही.