47 लागला आणि मला चुना लागला

आधीच सांगतो, "तुला अक्कल नव्हती का?" हे विचारून झालंय. बायकोने विचारलं, मेव्हण्याने विचारलं, पोलिसांनी तर दोनदा. तेवढं सोडून वाचा.

मी ठाणे पूर्वेला कोपरीत राहतो, रबाळे एमआयडीसीत एका कंपनीचं स्टोअर सांभाळतो. रोजची वाशी लोकल. जुलैमध्ये लोकलच्या ग्रुपवर एकाने ॲपची लिंक टाकली. वर नाव 'ऑनलाइन लॉटरी', आत सरळ मटका. सिंगलला (एक अंक) 10 चे 90, जोडीला (00 ते 99 मधला दोन अंकी आकडा) 10 चे 900, दर अर्ध्या तासाला निकाल. तीन-चार आठवड्यांत मी थोडे थोडे करत 8,200 रुपये भरले. त्यातले 900 एकदा आणि 1,350 एकदा, असे 2,250 परत खात्यात आले. खरोखर आले, पासबुकात आहेत. दाणे टाकणं म्हणतात ते हेच, पण खाताना ते दाणेच दिसतात.

15 ऑगस्टला शुक्रवार, कंपनी बंद. सन 47, म्हणून जोडी 47. 500 रुपये लावले. साडेतीनच्या निकालात 47 आला. 500 गुणिले 90, म्हणजे 45,000. वॉलेटमध्ये हिरव्या अक्षरांत दिसत होते. तो स्क्रीनशॉट अजून फोनमध्ये आहे, का ठेवलाय ते विचारू नका.

काढायला गेलो तर लाल पट्टी आली: "आपली जिंक रक्कम मर्यादा पेक्षा अधिक आहे. प्रति आकडा कमाल देय 10,000."

'जिंक रक्कम' वाचून मी हसलो. बायकोला दाखवून म्हटलंसुद्धा, पैशांऐवजी जस्त देतायत वाटतं. जिथे हसलो तिथेच फोन ठेवायला हवा होता.

त्याऐवजी चॅट उघडलं. पलीकडचा म्हणाला, "सर, आज 15 ऑगस्ट, सगळ्यांनी 47 लावलाय, म्हणून लिमिट लागली." पटलं. पटण्यासारखंच होतं हो! जोड्या 100 आणि भाव 90 चा. सगळ्या जोड्यांवर सारखे पैसे लागले तर शंभरातले नव्वद वाटून खेळवणाऱ्याला दहा उरतात. एकाच आकड्यावर लोड आला तर तो झोपला. म्हणून आकड्यांच्या खेळात बक्षिसाला कुठेतरी मर्यादा ठेवावीच लागते. मला हे गणित येतं, आणि येतं म्हणूनच मी फसलो असं माझं मत आहे. गणित न येणारा तिथेच शिव्या घालून उठला असता.

मी फक्त एक गोष्ट पाहिली नाही, ती म्हणजे मर्यादा कधी लागते. आमच्या चहाच्या टपरीवर एक काका बसतात, तरुणपणी आकडे लिहून घ्यायचे. सगळं झाल्यावर त्यांना सांगितलं तर कपाळाला हात लावला. "अरे भावा, लोड आला की आम्ही आकडा बंद करायचो, नाहीतर जास्तीचे पैसे पुढच्याकडे लावून टाकायचो. कटिंग म्हणतात त्याला. पण ते सगळं चिठ्ठी घेताना! एकदा पैसे घेतले की 90 म्हणजे 90. लागल्यावर लिमिट सांगितली असती तर रात्री घरी कसा गेलो असतो?" परदेशातल्या सरकारी आकडा-लॉटऱ्यांतही हेच चालतं, एखाद्या आकड्याची मर्यादा भरली की मशीन त्याचं तिकीटच काढत नाही. माझे 500 घेताना ॲपने हूं की चूं केलं नव्हतं. तेव्हा पैसे लावण्याआधी नियमांचं पान उघडा आणि एका आकड्यावर जास्तीत जास्त किती देणार ते शोधा. मी नंतर उघडलं. चौदावा नियम, फिकट राखाडी अक्षरं: कमाल देय रक्कम कंपनी केव्हाही बदलू शकते. केव्हाही!

पुढचं भराभर सांगतो, कारण लाज वाटते. मर्यादा 50,000 करायला 'प्लॅटिनम' व्हा, 6,500, परत मिळतील. त्याच संध्याकाळी भरले. 16 तारखेला म्हणाले, आता 45,000 वर 30 टक्के टीडीएस, 13,500. बक्षिसावर 30 टक्के कर असतो हे मला माहीत होतं, म्हणून शंकाच आली नाही. अहो, पण टीडीएस बक्षिसातून कापून उरलेले हातात देतात. तो आधी कुणी खिशातून मागत नाही, मागितला की समजा चोर आहे. ते 13,500 बायकोच्या भिशीचे होते. सोमवारी 18 ला 'प्रोसेसिंग' 4,000 आणि त्यावर जीएसटी, 4,720. प्रत्येक वेळी नवा क्यूआर. तिसऱ्यांदा स्कॅन केल्यावर नाव आलं एका मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाचं, आणि तरी मी पिन टाकला. 19 तारखेला, त्या धुवांधार पावसात, ॲप उघडेना. 32,920 गेले, 2,250 आले. निव्वळ 30,670.

रात्री 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर फोन केला. तक्रार नोंदली गेली, नंबर मिळाला. हाच फोन 15 ला, निदान 16 ला केला असता तर पुढच्या खात्यात पैसे अडवता आले असते. तुम्ही तासाभरात करा. लाज नंतर वाटून घ्या.

बँकेत गेलो. पगाराचं खातं ऐरोलीत. तिथल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलात ना? मग?" पोलिसांकडे गेलो तर म्हणे खातं खाडीपलीकडचं, तिकडे जा. पलीकडे गेलो तर म्हणे राहता ठाण्यात, इकडे कशाला आलात? दोन दिवसांची रजा खाडीवरून ये-जा करण्यात गेली. परत अलीकडे आलो तर साहेब नाहीत, दहीहंडीचा बंदोबस्त आत्ताच संपलाय, आता गणपतीचा सुरू होईल, विसर्जन झालं की या. गुन्हेगारांनाही गणपतीची सुट्टी असते का, असं विचारावंसं वाटलं, पण गप्प बसलो. कारण समोरचा हवालदार म्हणाला, "मटका खेळत होतात ना? 1887 चा जुगारबंदी कायदा आहे, तुम्हालाच आत घेऊ का?" बाकावरचे चार जण हसले. त्याच आठवड्यात संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यातली शिक्षा खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैसे फिरवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. पुढच्या खेपेला हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "वकील आहात का?" अर्ज घेतला, शिक्का मारायला चाळीस मिनिटं लावली. शिक्का मात्र घ्याच, शिक्क्याशिवायचा अर्ज रद्दीत जातो.

आणि हो, 'लॉटरी' या शब्दाला भुलू नका. 1998 च्या लॉटरी कायद्यात एक अंकी आकड्यावर बक्षीस ठेवायला मनाई आहे, आणि एका लॉटरीची आठवड्यातून एकापेक्षा जास्त सोडत काढता येत नाही. अर्ध्या तासाला निकाल देणारी लॉटरी असूच शकत नाही. राज्य लॉटरीचं कार्यालय आपल्या वाशीतच आहे, मी रोज बसतो त्याच लोकलच्या शेवटच्या स्टेशनला. एकदा जाऊन विचारलं असतं तर दहा रुपयांच्या तिकिटात काम झालं असतं.

परवा ग्रुपवर त्याच माणसाने नवी लिंक टाकली. खाली लिहिलं होतं, "या ॲपला पेमेंट लिमिट नाही." मी हे सगळं टाइप करून खाली टाकलं. त्याने मला ग्रुपमधून काढलं. भिशी 5 तारखेला आहे, 13,500 अजून जमलेले नाहीत.